तेलातला लाल दोरा

मिस्त्रीला तेल वाचता यायचं. लोक पेपर वाचतात, कुणी तळहात वाचतं, हा बाबा इंजिनातून काढलेलं काळं तेल पांढऱ्या ताटलीत घ्यायचा, दोन बोटांत चोळायचा, ताटली उन्हाकडे तिरकी धरायचा आणि समोरच्याला सांगायचा, "चढावर खालचा गिअर टाकायचा कंटाळा करता ना? नाही म्हणू नका. तेल सांगतंय." गिऱ्हाईक ओशाळं हसायचं. गाडीचं दुखणं शोधण्यापेक्षा मालकाची चूक शोधण्यात त्याला जरा जास्तच रस होता, पण हे त्याच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. कारण माणूस चुकत नसे. रस्त्याच्या वळणावर एकाच जागी चाळीस वर्षं गॅरेज, आणि 'मिस्त्रीनं सांगितलं म्हणजे झालं' अशी ख्याती. अशी ख्याती डोक्यात जाते. जाणारच, डोकं काय दगडाचं असतं?

हत्यारं अगदी साधी. कडेचे टवके उडालेली एनॅमलची ताटली, एक भिंग, आणि दोऱ्याला बांधलेला चुंबक. चुंबकावर प्लास्टिकची पिशवी, म्हणजे पिशवी उलटी केली की चिकटलेला कीस अलगद सुटतो. चुंबकाला धरतो तो कीस लोखंडाचा, म्हणजे गिअरचं किंवा कॅमचं दुखणं. चुंबकाला न जुमानणारी चंदेरी चमक पिस्टनची. पिवळसर असेल तर बुश. आणि राखाडी, मऊ, नखानं वाकणारा पापुद्रा निघाला की मिस्त्री टोपी काढून डोकं खाजवायचा. तो पापुद्रा रॉडच्या बेअरिंगचा, आणि बेअरिंग गेलं म्हणजे इंजिनाचा जीव गेला.

लग्न त्यानं केलं नाही. "इंजिनं सांभाळू की बायको?" म्हणायचा. खरं सांगायचं तर त्याला घराची गरजच पडली नाही, कारण थोरल्या भावाचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. संध्याकाळचा चहा तिथे, रविवारचं जेवण तिथे, ताप आला तर वहिनींच्या हातचा काढाही तिथलाच. जगात त्याचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

हा थोरला भाऊ म्हणजे सगळ्या गल्लीचा खात्रीदादा. पाणीखात्यातून निवृत्त झालेला, सरळ, हळू बोलणारा माणूस. घराबाहेर पडताना कुलूप लावायचा, तीनदा ओढून बघायचा, चार पायऱ्या उतरायचा आणि परत वर जाऊन पुन्हा ओढायचा. गॅसची चावी तीनदा, नळ तीनदा. दुकानातून मीठ आणलं तर पुडी उघडून चव घेऊन बघायचा, हो, न जाणो साखर असली तर! पोरं मागे हसायची. आणि हे 'खात्रीदादा' नाव ठेवलं कुणी? मिस्त्रीनंच. एका रविवारी पानावर बसल्याबसल्या ठेवलं, सगळ्यांना हसवलं, आणि ते दादाला असं चिकटलं की पत्रावरसुद्धा लोक तेच लिहायला लागले.

दादा जन्मतः असा नव्हता. तो असा झाला, त्याला बावीस वर्षं झाली.

तेव्हा तो वडिलांची जुनी मोटरसायकल घेऊन गावभर पाण्याचे मीटर वाचत हिंडायचा. गाडी वडिलांच्याही आधीची, पण फटफट अशी खणखणीत की वळणावर आवाज आला की वहिनी चहाचं आधण ठेवायच्या. वहिनी शिवणकाम करायच्या, आणि काजं करावीत तर त्यांनीच. एकदा ती दोघं नवराबायको घाट उतरून परत येत होती. चालत्या गाडीचं इंजिन एकाएकी जागच्या जागी घट्ट बसलं, मागचं चाक अडकलं, गाडी फरफटत गेली. दादाला खरचटलं. वहिनींचा उजवा हात गाडीखाली आला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट त्यानंतर कधी वाकलंच नाही. सुई हातात धरता येईना, मशीन विकलं.

निरोप मिळाल्यावर मिस्त्री तासाभरानं पोहोचला. वहिनींना दवाखान्यात नेलं होतं, रस्त्यावर त्यांच्या रक्ताचा डाग होता, आणि गाडी अजून गटारीत आडवी पडलेली. चार माणसांनी गाडी उभी केली. मिस्त्रीनं इंजिनातलं तेल मोजायची काडी खसकन ओढली. कोरडी. झालं! जिभेला हाड नसतंच, त्या दिवशी लगामही नव्हता. वीस-पंचवीस माणसांदेखत तो दादावर ओरडला, "तेलाचा थेंब नाही! बायकोला मागे बसवून घाटात गेलास आणि काडी बघायचं सुचलं नाही तुला?"

दादा म्हणाला, "सकाळी बघितली होती रे."

"बघितली असतीस तर ही वेळ आली असती?"

मिस्त्रीनं सांगितलं म्हणजे झालं. दादा सुरुवातीला सगळ्यांना म्हणायचा, "मी काडी बघितली होती." सहा महिन्यांनी म्हणायला लागला, "बघितली होती, बहुतेक." वर्षभरानं म्हणाला, "नसेल बघितली." आणि मग कुलूप ओढून बघायला लागला. वहिनींच्या दाराला कडी कशी लागते इथपासून त्यांच्या सुईत दोरा कोण ओवतं इथपर्यंत सगळं त्यानं अंगावर घेतलं. भाजी तोच चिरायचा, बटणं तोच लावायचा. गाडी ढकलत नेऊन शेडमध्ये ताडपत्रीखाली घातली आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. मिस्त्रीनंही लावला नाही. उघडून बघायचं काय, रोग तर कळलेलाच होता.

आता ती भाड्याची शेड मालकाला पाडायची होती. दादा म्हणाला, भंगारात द्या. पण त्याची पोरगी ऐकेना. ही पोरगी म्हणजे मिस्त्रीची लाडकी पुतणी. बापानं तिला सायकलसुद्धा जीव मुठीत धरून दिली होती, आणि ती झाली शाळेच्या बसची ड्रायव्हर. तिनं चार मित्रांना गोळा करून गाडी टेम्पोत चढवली आणि गॅरेजच्या दारात आणून उभी केली.

"काका, एकदा बघ. जगण्यासारखी असेल तर मी चालवीन. नसेल तर बाबांचं ऐकू."

"बावीस वर्षं हिच्या पोटात काय सडलंय कुणास ठाऊक," मिस्त्री म्हणाला, पण हात शिवशिवत होतेच. त्यानं गाडी मधल्या स्टँडवर घेतली, खाली मापाचं भांडं ठेवलं आणि तळाचा बोल्ट सोडला.

तेल आलं. काळं, दाट, काकवीसारखं, पण आलं, आणि येतच राहिलं. भांडं अर्धं झालं, पाऊण झालं. मिस्त्री उकिडवा बसला होता तो तसाच राहिला. शेवटचा थेंब गळाला तेव्हा भांड्यावरची रेघ दोन लिटरच्या वर होती. ह्या इंजिनाला तेल लागतं सव्वादोन.

पुतणी वाकून बघत होती. "काका, तेल नव्हतं म्हणायचात ना तुम्ही सगळे? मग हे कुठून आलं?"

"नंतर ओतलं असेल कुणीतरी."

"ताडपत्रीखाली जाऊन? कोण ओतणार?"

"तुझी बसची वेळ झाली ना? पोरं ताटकळत बसतील. जा तू!" तो असा खेकसला की ती बिचारी हेल्मेट विसरून तशीच स्कूटरवर निघून गेली.

कुणीही ओतलं नव्हतं. हे त्याला भांडं भरत असतानाच कळलं होतं. तेल तपासायचं तर गाडी सरळ उभी करून दहा मिनिटं थांबायचं, आडव्या झालेल्या गाडीचं तेल वर कुठेकुठे चढून बसलेलं असतं, ते खाली उतरायला वेळ द्यायचा. हा धडा तो प्रत्येक नवख्या गिऱ्हाइकाला द्यायचा, वर 'एवढंही कळत नाही' म्हणायचा. आणि गटारीतून काढलेल्या गाडीची काडी त्यानं स्वतः दहा सेकंदसुद्धा थांबून बघितली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, कुणी आत येऊ नये म्हणून, आणि ताटली घेतली. तेल बोटांत चोळलं. कचकच लागली. चुंबक फिरवला, चुंबकाला जेमतेम मिशीच्या केसाएवढा कीस. बाकीचं सगळं राखाडी, मऊ. त्यानं एक पापुद्रा नखावर घेतला, तो कागदासारखा वाकला. रॉडचं बेअरिंग. पिस्टनची चमक शोधली, नाही. बुशचा पिवळेपणा शोधला, तोही नाही. तेल नसल्यानं मेलेल्या इंजिनात सगळंच जळतं, पिस्टन, कॅम, सगळं ओरबाडून निघतं. इथे बाकी घर शाबूत आणि एकाच खोलीला आग. म्हणजे तेल होतं, पण त्या एका जागी पोहोचत नव्हतं.

मग ताटली कलती केली तेव्हा त्याला तो दोरा दिसला. बोटाच्या पेराएवढा. तेलानं काळवंडलेला, पण रॉकेलमध्ये बुडवून चिंधीवर पुसला तर लाल.

मिस्त्री खाली फरशीवरच बसला.

लाल कापड ह्या सबंध गावात इंजिनाजवळ फक्त त्याच्याकडे असायचं. त्याच्या उस्तादाची शिकवण. इंजिन उघडलं की कचरा आत जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात चिंधी कोंबायची, ती लाल असावी म्हणजे डोळ्यांत भरते, आणि भिंतीवर खडूनं रेघ मारायची. जितक्या रेघा तितक्या चिंध्या बाहेर आल्या पाहिजेत. चिंध्या वहिनी द्यायच्या. उरलेल्या लाल अस्तराचे चौकोन, चारही कडा नागमोडी कात्रीनं कापलेले, कारण सरळ कापलं तर दोरे सुटतात आणि सुटलेला दोरा इंजिनात जातो. वहिनींना इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण कापडाचं कळत होतं.

दोन दिवस लागले त्याला पूर्ण उघडायला. एरवी गुणगुणत काम करणारा माणूस तोंड शिवून काम करत होता. रॉडच्या बेअरिंगला तेल पोहोचवणाऱ्या, क्रँककडे जाणाऱ्या वाटेत त्यानं तारेचा आकडा घातला, हळू फिरवला, ओढला. बोळा बाहेर आला. त्यानं तो रॉकेलमध्ये धुतला, ताटलीत उलगडला. अर्धी चिंधी होती. तीन कडा नागमोडी, आणि चौथी फाडलेली, तिथून दोरे सुटलेले.

आणि मग आठवलं. बावीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, आता लख्ख आठवलं. अपघाताच्या दीड महिना आधी त्यानंच हे इंजिन उतरवलं होतं. चार भोकं, चार चिंध्या, भिंतीवर चार रेघा. चौथी चिंधी कोंबायच्या आत तेलाची ही वाट उघडी दिसली. पाचवी चिंधी आणायला कपाटापर्यंत जायचं, आठ पावलं. हात तेलकट होते. त्यानं हातातली चौथी फाडली, अर्धी इथे, अर्धी तिथे. रेघा चारच राहिल्या. बंद करताना चार तुकडे मोजून बाहेर काढले, चार रेघा पुसल्या, आणि समाधानानं झाकण लावलं. पाचवा तुकडा आत राहिला. तेल दीड महिना त्यातून झिरपत, गाळून जात राहिलं, आणि घाटात पुरेनासं झालं.

आठ पावलं! आठ पावलांच्या कंटाळ्यापायी! दुसऱ्यांचा कंटाळा तेलात वाचणारा हा शहाणा.

मनात काय काय आलं ते सांगायला लाज वाटावी. बोळा जाळून टाकावा. पुतणीला सांगावं, इंजिन मेलंय, दे भंगारात. कुणाला कळणार आहे? दादा तर स्वतःच सगळीकडे सांगतो की चूक माझी. झाकली मूठ आहे, राहू दे. ह्या वयात चहाचं घर गेलं तर जायचं कुठे? त्यानं काडेपेटी हातात घेतली. काडी ओढली नाही. पेटीतल्या काड्या बाहेर काढल्या आणि तो बोळा आत ठेवला.

तीन संध्याकाळी तो चहाला गेला नाही. "कामात आहे," असा निरोप धाडला. चोराच्या मनात चांदणं. शटरपाशी सावली हलली तरी त्याला वाटायचं दादाच आला.

रविवारी सकाळी गेला. दादा टेबलाशी बसून वहिनींच्या झग्याला बटण लावत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोरा ओढून बघितला, पुन्हा ओढला, तिसऱ्यांदा ओढला.

"या भावोजी," वहिनी म्हणाल्या. "तीन दिवस कुणाच्या घरचा चहा गोड लागला?"

एरवी त्यानं चार शब्द परत केले असते. त्यानं काडेपेटी टेबलावर ठेवली, उघडली, आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काडी बघायला थांबलो नव्हतो. तेल होतं, दोन लिटरच्या वर होतं, आजही आहे. चिंधी माझी, मी फाडलेली, मी विसरलेली. सांगताना तो कुठेही थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

वहिनींनी तो तुकडा डाव्या हातानं उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. "कात्री माझीच," त्या म्हणाल्या. "आणि ही कड फाडलेली आहे. फाडू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला."

"वहिनी, तुमची बोटं..."

"बोटांचं मला सांगू नका. माझी दोन गेली, आठ राहिली. मी दोन वर्षं रडले आणि उठले. ह्यांचं काय राहिलं ते बघा! रोज पहाटे उठून गॅस बघतात. 'खात्रीदादा' म्हणून हसलात ना सगळे? पहिले हसणारे तुम्ही."

मिस्त्रीला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. त्यानं दादाकडे बघितलं. दादाच्या हातात सुई तशीच होती, आणि तो बायकोकडेही बघत नव्हता, भावाकडेही नाही.

"म्हणजे मी काडी बघितली होती," तो म्हणाला.

"बघितली होतीस, दादा."

"दाराशी गाडी उभी होती. मी फडक्यानं काडी पुसली, पुन्हा घातली, बघितली. वरच्या खुणेला तेल होतं. मला अजून दिसतं ते. मला वाटायचं, हे मी मनानं रचलंय. स्वतःला वाचवायला रचलंय." मग हा हळू बोलणारा माणूस टेबलावर डोकं ठेवून असा रडला की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तोच हात, दोन ताठ बोटांचा. मिस्त्रीला पुढे व्हावंसं वाटलं, पण पाऊल उचलेना. त्या जागी त्याचं काही काम नव्हतं.

बऱ्याच वेळानं दादानं तोंड धुतलं. नळ बंद केला. एकदाच. "मला ते तेल बघायचंय," तो म्हणाला.

तिघं बाहेर पडली. दादानं कुलूप लावलं, चावी फिरवली, खिशात टाकली आणि जिना उतरायला लागला. वहिनी थबकल्या. दादा एक पायरी उतरला, दोन, चार, आणि थेट खाली पोहोचला. फाटकापाशी मात्र थांबला. मिस्त्रीही सवयीनं बाजूला झाला, त्याला परत वर जायला वाट द्यायला.

पण दादा हलला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं धाकट्याकडे थोरल्या भावाच्या नजरेनं बघितलं.

"धाकट्या," तो म्हणाला, "मी कुलूप लावलंय. मला माहीत आहे. आता तू जाऊन बघून ये."

मिस्त्री जिना चढून गेला. कुलूप ओढून बघितलं. नीट लागलं होतं. दादानं लावलेलं होतं, लागणारच. खालून कुणी हाक मारली नाही. त्यानं ते आणखी दोनदा ओढलं, चार पायऱ्या उतरला, आणि परत वर गेला.